यंत्रसफाईतील रासायनिक भाजणे : कारणे, परिणाम आणि उपाय

कारखान्यातील अपघात म्हटला की स्फोट, आग किंवा यंत्रात हात सापडणे अशीच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. उत्पादन थांबवून टाक्या, पाइपलाइन, पंप, बॉयलर आणि रिअॅक्टर धुण्याचे जे काम चालते, त्यात आम्ल किंवा अल्कली अंगावर उडून होणाऱ्या इजांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. यंत्र बंद आहे म्हणजे धोका टळला, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात सफाईच्या वेळी बंदिस्त यंत्रणा उघडली जाते, एरवी पोलादी भिंतीआड असलेले रसायन आणि माणूस समोरासमोर येतात, आणि हे काम बहुधा रात्रपाळीत, साप्ताहिक सुट्टीत किंवा वार्षिक देखभालीच्या घाईगर्दीत उरकले जाते. अशा अपघातात दृष्टी, हातांची हालचाल आणि त्यामुळे रोजगार कायमचा जाऊ शकतो. यातील बहुतांश इजा टाळता येण्याजोग्या असतात, आणि झालेल्या इजेची तीव्रता पहिल्या काही मिनिटांतील उपचारांवर ठरते. म्हणूनच या विषयाची माहिती कामगार, पर्यवेक्षक आणि त्यांचे कुटुंबीय या सर्वांनाच असणे आवश्यक आहे.

सफाईसाठी रसायने कशासाठी?

उष्ण पाणी आणि ब्रश यांनी न निघणारे थर यंत्रांच्या आतील पृष्ठभागावर बसतात. दूध डेअरीत पाश्चरायझरच्या पत्र्यांवर प्रथिने व स्निग्धांशाचा थर जमतो, तसेच दुधातील खनिजांचा दगडासारखा कठीण लेप तयार होतो. पहिल्यासाठी कॉस्टिक सोड्याचे, तर दुसऱ्यासाठी नायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण वापरतात. यंत्र न उघडता ही द्रावणे पंपाने आतल्या आत फिरवण्याच्या पद्धतीला 'सीआयपी' असे म्हणतात. कॉस्टिकचे द्रावण साधारणतः एक ते दोन टक्के तीव्रतेचे असले तरी ते ७० ते ८० अंश सेल्सिअस तापमानाला फिरत असते. त्यामुळे गळती झाल्यास उष्णतेने आणि रसायनाने अशी दुहेरी इजा होते.

साखर कारखान्यांत उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांमध्ये क्षारांचे थर साचतात. हंगामात ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून नळ्यांत कॉस्टिक सोड्याचे द्रावण काही तास उकळवले जाते. गरजेनुसार त्यानंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा वापर होतो. बॉयलर आणि उष्णता विनिमयकांमधील चुनखडीसारखा थर काढण्यासाठीही हायड्रोक्लोरिक आम्लच प्रचलित आहे. स्टेनलेस स्टीलच्या उद्योगात वेल्डिंगनंतरचे काळे डाग घालवण्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांचे मिश्रण लावतात. औषधनिर्मिती, रंग आणि कीटकनाशकांच्या कारखान्यांत एका उत्पादनाची बॅच संपवून दुसरी सुरू करताना रिअॅक्टर धुवावाच लागतो. तेथे सफाईच्या रसायनाबरोबरच आधीच्या बॅचचा अवशेषही धोकादायक असतो. महाराष्ट्रात तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ, तळोजा, रोहा, महाड, लोटे-परशुराम आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत अशी कामे नित्याची आहेत.

सौम्य द्रावण वापरात असले तरी कारखान्यात ते तीव्र स्वरूपातच येते. बाजारातील कॉस्टिक लाय साधारण ४८ ते ५० टक्के, हायड्रोक्लोरिक आम्ल ३० ते ३३ टक्के, तर सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के तीव्रतेचे असते. ते कॅनमधून ओतणे, पंपाने उपसणे आणि पाण्यात मिसळणे, हेच सफाईच्या कामातील सर्वाधिक जोखमीचे टप्पे होत.

अपघात कोणत्या क्षणी घडतो?

सर्वांत परिचित प्रसंग फ्लॅंज उघडण्याचा. पाइपलाइन रिकामी केली आहे असे समजून बोल्ट सैल केले जातात आणि आत अडकलेले द्रावण दाबाने बाहेर उसळते. पाइपच्या खोलगट भागात, व्हॉल्व्हच्या पोकळीत किंवा गाळाने तुंबलेल्या जागी द्रव राहतो आणि दाबमापक शून्य दाखवत असला तरी तो तेथे असू शकतो. समोर उभ्या असलेल्या कामगाराचा चेहरा, मान आणि छाती यांना थेट इजा होते.

दुसरा प्रसंग द्रावण तयार करण्याचा. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता निर्माण होते. आम्लात पाणी ओतल्यास पृष्ठभागावरील पाणी क्षणार्धात उकळून आम्लासह उडते. म्हणून पाण्यात आम्ल, तेही थोडे थोडे आणि ढवळत घालावे, हा नियम शाळेच्या प्रयोगशाळेपासून शिकवला जातो. कॉस्टिक सोड्याच्या पापड्यांबाबतही तीच काळजी हवी. गरम पाण्यात एकदम पोतेभर पापड्या टाकल्यास द्रावण उकळून बाहेर उसळते.

तिसरा प्रसंग चुकीच्या मिश्रणाचा. सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन वायू निर्माण होतो. सल्फाइडयुक्त गाळावर आम्ल पडल्यास हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू निघतो. नायट्रिक आम्लाचा सेंद्रिय पदार्थाशी किंवा तांब्यासारख्या धातूशी संबंध आल्यास नायट्रोजन डायऑक्साइडचे तपकिरी धूर येतात. ते हुंगल्यावर सुरुवातीला केवळ खोकला येतो, पण काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावू शकतो. म्हणून असा धूर श्वासात गेलेल्या व्यक्तीला बरे वाटत असले तरी घरी न पाठवता देखरेखीखाली ठेवावे लागते.

याशिवाय जुनी रबरी होज फुटणे, क्लॅम्प निसटणे, उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने आतील अवशेष अंगावर उडणे, पंपाच्या ग्रंथीतून ठिबकणारे आम्ल बुटात शिरणे आणि लेबल नसलेल्या कॅनमधील द्रव पाणी समजून हाताळणे, ही कारणेही नेहमी आढळतात.

तीन घटना, तीन धडे

सफाईच्या कामातील त्रुटी किती दूरवर पोहोचू शकते, याचे सर्वांत भीषण उदाहरण भोपाळचे आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पाइप पाण्याने धुण्याचे काम चालू होते. त्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरले आणि त्यातून वायुगळती झाली. ते पाणी नेमके कसे शिरले, याबाबत मतभेद आहेत. धुण्यापूर्वी पाइपमध्ये पोलादी चकती, म्हणजे 'ब्लाइंड', बसवलेली नव्हती आणि पाणी गळक्या व्हॉल्व्हमधून पुढे गेले, असे कामगारांचे व अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. कंपनीने घातपाताचा दावा केला. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट जगभरच्या रासायनिक उद्योगाने मान्य केली : धुण्याच्या वेळी केवळ बंद व्हॉल्व्हवर विसंबून राहू नये, भौतिक अडथळा घालावा किंवा पाइपचा जोडच काढून ठेवावा.

दुसरी घटना इंग्लंडमधील कॅसलफर्ड येथील. २१ सप्टेंबर १९९२ रोजी हिक्सन अँड वेल्च कंपनीत नायट्रोटोल्युइनच्या ऊर्ध्वपातन भांड्यातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. सुमारे ३० वर्षांत ते भांडे एकदाही साफ झालेले नव्हते. गाळ मऊ व्हावा म्हणून त्याला वाफेची उष्णता देण्यात आली. गाळाचे रासायनिक परीक्षण झाले नव्हते आणि तापमापक गाळापर्यंत पोहोचतच नव्हता. गाळ खरवडणे चालू असताना त्याचे विघटन होऊन मॅनहोलमधून आगीचा झोत बाहेर पडला आणि त्यात पाच जणांचा मृत्यू झाला. आत काय आहे हे न तपासता त्याला उष्णता देणे किंवा खरवडणे किती घातक ठरते, याचा हा दाखला आहे.

तिसरी घटना अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या अॅचिसन गावची. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एमजीपीआय कंपनीत टँकरमधून उतरवले जाणारे सल्फ्युरिक आम्ल हायपोक्लोराइटच्या टाकीत गेले. दोन्ही टाक्यांची तोंडे एकमेकांलगत आणि सारखीच दिसणारी होती, तसेच चुकीच्या तोंडाला कुलूप नव्हते. क्लोरीनयुक्त वायूचा ढग गावावर पसरला आणि १४० हून अधिक लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. ही घटना रसायन उतरवतानाची असली तरी सफाईच्या रसायनांची साठवण करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ती लागू पडते. वेगवेगळ्या रसायनांच्या जोडण्यांचे आकारच वेगळे ठेवले तर चूक करू पाहणाऱ्यालाही ती करता येत नाही.

त्वचेवर काय घडते?

आगीने भाजल्यावर ज्वाला दूर होऊन त्वचा थंड झाली की इजा थांबते. रसायन मात्र त्वचेवर आहे तोवर ऊतींचा नाश चालूच ठेवते. आम्लाच्या संपर्काने त्वचेतील प्रथिने गोठतात आणि कडक खपली तयार होते. ही खपली काही प्रमाणात आम्लाला खोल जाण्यापासून अडवते. अल्कलीचे तसे नाही. कॉस्टिक सोडा त्वचेतील स्निग्धांशाचा साबण करतो, प्रथिने विरघळवतो आणि आत आत झिरपत राहतो. सुरुवातीला त्वचा केवळ बुळबुळीत लागते आणि वेदनाही कमी असते. त्यामुळे कामगार हात पुसून पुन्हा कामाला लागतो आणि संध्याकाळपर्यंत जखम खोल गेलेली असते. अल्कलीची जखम आम्लापेक्षा अधिक गंभीर मानली जाते, ती यामुळेच.

हायड्रोफ्लोरिक आम्लाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातील फ्लोराइड आयन त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून टाकतात. रक्तातील कॅल्शियम घसरल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो. ५० टक्क्यांहून तीव्र आम्लाने लगेच वेदना होतात. मात्र २० टक्क्यांहून सौम्य द्रावणाने लक्षणे दिसायला २४ तासही लागू शकतात. त्वचेवर फारसे काही दिसत नसताना बोटांत असह्य कळा येणे, ही या आम्लाची खूण होय. फिनॉलमुळे त्वचा बधिर होते, म्हणून इजा उशिरा लक्षात येते. ते त्वचेतून शोषले जाऊन मेंदू, हृदय व मूत्रपिंडांवर परिणाम करते. क्रोमिक आम्लही शोषले गेल्यास मूत्रपिंडांना इजा करते.

डोळ्यांच्या बाबतीत वेळ आणखी कमी असतो. अल्कली काही मिनिटांतच पारपटल भेदून डोळ्याच्या आतील भागात पोहोचते. पारपटलाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी नष्ट झाल्यास पारपटल पांढरे पडते आणि नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवूनही ते टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील तज्ज्ञांनी २०१२ मध्ये अशा रुग्णांसाठी एक सुलभ शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत निरोगी डोळ्यातील मूळ पेशींचा अगदी लहान तुकडा घेऊन त्याचे बारीक कण इजा झालेल्या डोळ्यावर रोवले जातात. मात्र त्यासाठी एक डोळा शाबूत असावा लागतो.

पहिली काही मिनिटे

रासायनिक भाजण्यावरील पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे भरपूर वाहते पाणी. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दहा मिनिटांच्या आत पाण्याने धुतलेल्या रुग्णांत त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत गेलेल्या जखमा लक्षणीयरीत्या कमी आढळल्या आणि त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सुमारे निम्म्यावर आला. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात किंवा वरिष्ठांना कळवण्यात ही मिनिटे गेली तर ती भरून निघत नाहीत.

पाण्याखाली उभे राहूनच कपडे, बूट, मोजे, घड्याळ, अंगठी आणि कमरेचा पट्टा काढावा. रसायनाने भिजलेला कपडा अंगावर ठेवणे म्हणजे इजा चालू ठेवणे होय. अशा वेळी संकोच आड येऊ नये, यासाठी शॉवरजवळ आडोसा आणि कोरडे कपडे असावेत. किमान २० ते ३० मिनिटे धुवावे. अल्कली असल्यास त्याहून बराच अधिक वेळ लागतो. मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत.

डोळ्यांत रसायन गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून नाकाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी सोडावे, म्हणजे दुसरा डोळा वाचतो. डोळे चोळू नयेत. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास ती काढावी, पण त्यासाठी धुणे थांबवू नये.

याबाबत काही गैरसमज घट्ट रुजलेले आहेत. सल्फ्युरिक आम्ल पाण्याने तापते, म्हणून त्यावर पाणी घालू नये, असे अनेकांना वाटते. अंगावर पडलेल्या आम्लासाठी हे खरे नाही. थोडे पाणी अपुरे पडते, परंतु मोठ्या प्रवाहाने आम्ल आणि उष्णता दोन्ही वाहून जातात. आम्लावर सोडा किंवा कॉस्टिकवर लिंबू व व्हिनेगर लावून ते निष्प्रभ करण्याचा प्रयत्नही घातक होय, कारण त्या क्रियेतून निघणारी उष्णता जखम वाढवते. तूप, हळद, टूथपेस्ट, शाई किंवा मलम लावल्याने रसायन आत कोंडते आणि डॉक्टरांना जखमेची खोली समजत नाही.

पाण्याच्या नियमाला मोजके अपवाद आहेत. कोरडा चुना किंवा कॉस्टिकची पूड अंगावर पडल्यास आधी ती झटकून काढावी आणि मग धुवावे. सोडियम, पोटॅशियम यांसारखे धातू पाण्याशी पेट घेतात, म्हणून त्यांचे कण चिमट्याने काढून तेलात टाकावेत. हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी पाण्याने धुतल्यानंतर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहावे लागते. हे आम्ल वापरणाऱ्या कारखान्यात ते जेल प्रथमोपचार पेटीत तयार नसेल, तर काम सुरूच करू नये.

शॉवर आहे, पण पाणी?

आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचे कारंजे अनेक कारखान्यांत बसवलेले दिसतात. त्यांचा उपयोग मात्र बारकाव्यांवर अवलंबून असतो. जगभर अनुसरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकानुसार शॉवरमधून मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी सलग १५ मिनिटे मिळाले पाहिजे. म्हणजे एका वापरासाठी सुमारे १,१०० लिटर पाणी लागते. बाजूला ठेवलेली बादली किंवा रबरी नळी त्याची जागा घेऊ शकत नाही. कामाच्या जागेपासून दहा सेकंदांत तेथे पोहोचता आले पाहिजे, वाटेत पायऱ्या, ड्रम किंवा कुलूपबंद दार नसावे आणि पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानाचे असावे. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात छतावरून गेलेल्या पाइपमधील पाणी अंग पोळेल इतके तापते, हे लक्षात घेऊन पाइप सावलीतून किंवा जमिनीखालून नेणे गरजेचे ठरते. आठवड्यातून एकदा शॉवर चालवून पाहिल्याशिवाय त्यात गंज आहे की पाणी, हे कळत नाही. सफाईच्या दिवशी पाण्याची मुख्य लाइनच देखभालीसाठी बंद ठेवली जाण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते.

अपघात टाळण्याची शिस्त

हातमोजे आणि गॉगल हे संरक्षणाचे शेवटचे साधन आहे. त्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे रसायन वापरणे अटळ आहे का. काही ठिकाणी उच्च दाबाच्या पाण्याने, सौम्य सेंद्रिय आम्लाने किंवा बंदिस्त 'सीआयपी' पद्धतीने काम भागते. कॅनमधून हाताने ओतण्याऐवजी पंप वापरल्यास कितीतरी अपघात टळतात.

यंत्र उघडावेच लागले, तर लेखी परवाना अर्थात 'वर्क परमिट' हवा. त्यात आधीचे रसायन कोणते, द्रव काढला का, दाब सोडला का, पाण्याने धुतले का, पंपाची वीज तोडून कुलूप लावले का आणि ब्लाइंड बसवले का, याची प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली तपासणी नोंदवली जावी. कार्यालयात बसून सही केलेला परवाना कामगाराचे रक्षण करीत नाही. फ्लॅंज उघडताना आत द्रव व दाब आहे असेच गृहीत धरावे. उघडणाऱ्याने बाजूला उभे राहून स्वतःपासून दूरच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करावेत, म्हणजे उसळी आलीच तर ती विरुद्ध दिशेला जाते. बोल्ट पूर्ण काढण्यापूर्वी जोड हलकेच सैल करून गळती थांबण्याची वाट पाहावी.

साधनांची निवड रसायनानुसार करावी लागते. एका आम्लाला रोखणारे रबर दुसऱ्या द्रावकाने फुगते किंवा झिरपते, म्हणून पुरवठादाराचा तक्ता पाहणे आवश्यक आहे. साध्या चष्म्याच्या बाजूने थेंब आत जातात. त्यामुळे चारही बाजूंनी बंद गॉगल आणि त्यावर चेहरा झाकणारे पारदर्शक ढाल असे दोन्ही हवे. सुती हातमोजे आणि चामडी बूट रसायन शोषून घेतात व त्वचेला चिकटवून ठेवतात. पँट गमबुटात खोचल्यास वरून ओघळणारे आम्ल थेट बुटात साचते, म्हणून पँट बुटावरून बाहेर सोडावी. टाकीत माणूस उतरवायचा असल्यास हवेची तपासणी, दोर बांधलेला पट्टा आणि बाहेर सतत लक्ष ठेवणारा दुसरा माणूस यांना पर्याय नाही.

ठेकेदाराचा कामगार आणि कायदा

सफाईचे काम बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे सोपवलेले असते. आज एका कारखान्यात, उद्या दुसऱ्यात जाणाऱ्या या कामगाराला टाकीत पूर्वी काय होते, शॉवर कोठे आहे आणि अपघात झाल्यास कोणाला हाक मारायची, हे ठाऊक नसते. सुरक्षिततेची माहिती इंग्रजी पत्रकात आणि कामगाराची भाषा मराठी, हिंदी, भोजपुरी किंवा उडिया, अशी स्थिती असते. काम लवकर संपवले तरच पैसे सुटतात, त्यामुळे उन्हाळ्यात जड पोशाख अंगावरून उतरवण्याकडे कल होतो. दोष केवळ कामगाराच्या बेफिकिरीला देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ ने डोळ्यांचे रक्षण, विषारी वायू असलेल्या टाकीत उतरण्यापूर्वीचे प्रमाणपत्र आणि अपघाताची सूचना यांविषयी बंधने घातली होती. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडून कामगाराला माहिती मिळवण्याचा आणि निकटच्या धोक्याकडे लक्ष वेधण्याचा हक्क दिला. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी रसायनांच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे बंधन आणले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या आणि १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. निकटचा धोका वाटल्यास तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क या संहितेतही आहे. कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सुविधांची जबाबदारी तिने मूळ मालकावर टाकली आहे. महाराष्ट्रात या विषयाची शासकीय यंत्रणा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही आहे.

इजा झालेल्या कामगाराच्या दृष्टीने अपघाताची नोंद त्याच दिवशी होणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावरील इजेमुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि कायमच्या अपंगत्वासाठी निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळते. 'घरी गरम पाणी सांडले' अशी नोंद करून खासगी दवाखान्यात केलेले उपचार पुढे हा हक्क हिरावून घेऊ शकतात. डॉक्टरांच्या कागदपत्रांत रसायनाचे नाव, वेळ आणि ठिकाण लिहिलेले आहे ना, हे नातेवाइकांनी पाहावे.

रुग्णालयात

रुग्णासोबत रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक किंवा किमान लेबलचे छायाचित्र पाठवणे हा उपचाराचाच भाग आहे. 'अॅसिड पडले' एवढ्या माहितीवर डॉक्टरांना हायड्रोफ्लोरिक आणि हायड्रोक्लोरिक यांत फरक करता येत नाही, आणि या दोहोंचे उपचार अगदी भिन्न आहेत. रासायनिक इजेचे क्षेत्र लहान दिसले तरी जळित विभाग असलेल्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. चेहरा, डोळे, हात, पाय, सांधे व जननेंद्रिये यांवरील इजेत विलंब करू नये. मुंबई परिसरात ऐरोली येथील राष्ट्रीय बर्न्स सेंटर आणि भायखळ्याचे मसिना रुग्णालय येथे अशी व्यवस्था आहे.

खोल जखमांवर मृत त्वचा काढून त्वचारोपण करावे लागते. जखम भरल्यानंतरही उपचार संपत नाहीत. व्रण आवळून बोटे वाकडी होऊ नयेत म्हणून अनेक महिने व्यायाम, स्प्लिंट आणि दाब देणारे घट्ट मोजे वापरावे लागतात. या काळात कमाई थांबलेली असते आणि उपचार अर्धवट सोडण्याचे ते प्रमुख कारण बनते. हाताची पकड गेलेल्या कुशल कामगाराला पुन्हा काम मिळेल की नाही, हे याच महिन्यांत ठरते.

घरातील बाटल्याही त्याच जातीच्या

ही रसायने कारखान्यापुरती मर्यादित नाहीत. शौचालय साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तुंबलेले पाइप मोकळे करणाऱ्या पुडीत कॉस्टिक सोडा असतो आणि ब्लीचिंगच्या द्रवात हायपोक्लोराइट. शौचालयाचा द्रव आणि ब्लीच एकत्र करू नये. कॉस्टिकची पूड टाकल्यावर त्यावर गरम पाणी ओतून नळीत वाकून पाहू नये. ही रसायने शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. सोसायटीची टाकी, टाइल्स किंवा गटार साफ करायला येणाऱ्या माणसाच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर गॉगल आहेत का, जवळ पाण्याचा चालू नळ आहे का, हे काम देणाऱ्या रहिवाशांनीही पाहायला हवे.

कोणत्याही सफाईच्या कामाआधी पाच गोष्टींची खातरजमा पुरेशी ठरते : आत काय आहे हे ठाऊक असणे, ते पूर्णपणे अलग केलेले असणे, योग्य पोशाख अंगावर असणे, पाणी दहा सेकंदांच्या अंतरावर असणे आणि ते कसे वापरायचे हे माहीत असलेला सहकारी सोबत असणे. यांपैकी एक जरी नसेल, तर ती मिळेपर्यंत काम थांबवावे.